नदीकाठची वाट सपाट नसते: डोंगर-झाडीतून ग्रॅव्हल सायकल चालवताना

नकाशावर नदीची निळी रेघ दिसते, तिला लगटून कच्च्या रस्त्याची तुटक रेघ जाते, आणि आपण मनाशी म्हणतो, चला, आज सपाटीच आहे. ग्रॅव्हल सायकल (म्हणजे कच्च्या, खडीच्या रस्त्यांसाठीची जाड टायरची सायकल) घेऊन पहिल्यांदा खोऱ्यात शिरणारे बरेच जण इथेच फसतात. मीही फसलो. ४० किमी म्हणजे फार तर तीन तास असा हिशेब करून निघालो होतो आणि पाचव्या तासाला सायकल ढकलत होतो.

पाय ठणठणीत होते, नकाशा कच्चा वाचला होता. नदीला दोन्ही अंगांनी ओढे येऊन मिळतात. पुराच्या पाण्यापासून लांब राहावी म्हणून वाट काठापासून थोडी वर, डोंगराच्या अंगाने काढलेली असते. ओढा आला की ती त्याच्या घळीत उतरते, ओढा ओलांडते आणि पलीकडे पुन्हा चढते. समजा १२ किमीच्या टप्प्यात नदीपात्राची उंची ६० मीटरनेच वाढते, पण मध्ये सहा ओढे आहेत आणि प्रत्येकापाशी ४० मीटर उतरून ४० मीटर चढावं लागतं. झाला की ३०० मीटरचा चढ!

म्हणून माझा पहिला सल्ला हाच: अशा मुलखात किलोमीटर मोजण्याआधी पाणी बघायला शिका. चढ कुठे येणार, चिखल कुठे साचणार, धुकं कधी उठणार, वारा कुठून लागणार, हे तिथे पाणीच ठरवतं. खालचे सगळे टप्पे याच धाग्याने मांडलेत.

आदल्या संध्याकाळी: नकाशा

कंटूर रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, दाखवणारा नकाशा उघडा. रेषांचं टोक इंग्रजी व्ही अक्षरासारखं चढाकडे वळलेलं असेल तर ती घळ, म्हणजे पाण्याची वाट. फुगवटा उताराकडे असेल तर ती सोंड. तुमची वाट किती घळी ओलांडते ते बोटाने मोजा. मार्गाच्या ॲपमधला उंचीचा आलेख चढाची बेरीज सांगतो, पण दाट झाडीच्या, अरुंद घळींच्या भागात त्याचे आकडे ढोबळ असतात. बोटाने मोजलेल्या घळींवर माझा जास्त विश्वास आहे.

चढाची तीव्रता काढणंही सोपं आहे. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर १ सेंमी म्हणजे ५०० मीटर. दोन रेषांमधलं उंचीचं अंतर २० मीटर असेल (ते समासात लिहिलेलं असतं) आणि वाटेने एका सेंटिमीटरमध्ये तीन टप्पे ओलांडले, तर ५०० मीटरमध्ये ६० मीटर, म्हणजे १२ टक्के. सुट्या खडीवर १२ टक्के म्हणजे मागचं चाक जागच्या जागी फिरायला लागण्याची वेळ. याउलट एखाद्या बंद पडलेल्या रेल्वेमार्गाची वाट मिळाली तर ती आंदण समजा; आगगाडीला चढ झेपत नाही, त्यामुळे अशा वाटेवर २-३ टक्क्यांपेक्षा जास्त चढ क्वचितच सापडतो.

मग रस्त्याचा पोत. ओपनस्ट्रीटमॅप या इंटरनेटवरच्या खुल्या नकाशावर कच्च्या रस्त्यांना ग्रेड १ ते ग्रेड ५ अशी प्रतवारी देण्याची सोय आहे. १ म्हणजे घट्ट, दाबलेला रस्ता. ५ म्हणजे निव्वळ माती आणि गवत. ग्रेड ३ पर्यंत ग्रॅव्हल सायकल खुशाल घाला. ४ आणि ५ कोरड्या दिवसांसाठी राखून ठेवा, विशेषतः वाट जर उन्हाकडे पाठ केलेल्या उतारावर असेल तर. उत्तर गोलार्धात उत्तरेकडे तोंड केलेल्या उतारावर ऊन कमी पोचतं, आणि वर झाडी असली की पाऊस थांबल्यावरही कित्येक दिवस तिथला चिखल सुकत नाही.

वेळेचा माझा आडाखा असा: बऱ्यापैकी कच्च्या रस्त्यावर ताशी १७ किमी धरायचे आणि दर १०० मीटर चढाला ८ मिनिटं वर टाकायची. ५० किमी आणि १,००० मीटर चढ असेल तर तीन तास अधिक ८० मिनिटं, म्हणजे ४ तास २० मिनिटं. यात थांबे धरलेले नाहीत. तुमचा वेग वेगळा असेल; दोन-तीन फेऱ्यांनंतर हे दोन आकडे स्वतःचे करून घ्या.

दिशा निवडताना एक गंमत उपयोगी पडते. आकाश निरभ्र आणि हवा शांत असेल तर दिवसा ऊन तापलं की वारा खोऱ्यातून वरच्या अंगाला, उगमाकडे वाहतो; सूर्य कलल्यावर उतारावरची गार हवा खाली घसरते आणि वारा उलटा, नदीच्या दिशेने वाहू लागतो. म्हणजे दुपारपर्यंत उगमाकडे चढायचं आणि संध्याकाळी नदीसोबत उतरायचं असा बेत आखला तर दोन्ही वेळा वारा पाठीशी. मोठी हवामान प्रणाली आली की हा नियम मोडतो, पण एरवी चांगला साथ देतो. शिवाय दमलेल्या पायांनी शेवटी नुसतं उतरायचं असतं. याच गार हवेमुळे पहाटे खोऱ्याच्या तळाशी धुकं साचतं आणि वरची धार मात्र उन्हात असते. अंगावरचे कपडे घरच्या गारव्यावरून ठरवू नका, तळाच्या गारव्यावरून ठरवा.

शेवटी, आपला मार्ग डांबरी रस्त्याला कुठे कुठे भेटतो तिथे खुणा करून ठेवा. काही बिघडलं तर सुटका तिथूनच. वाट चुकलात तर ओढ्याच्या पात्रातून खाली उतरत जाण्याचा मोह होतो, तो टाळा. ओढे घळीत अरुंद होतात, कड्यावरून उडी घेतात, आणि हातात सायकल असते. नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या, कारण खोऱ्यात रेंज बेभरवशाची. रेंज शोधत राहणारा फोन बॅटरी खातो, तेव्हा तो फ्लाइट मोडवर टाका. जीपीएस तरीही चालतं.

सायकल: आधी टायर, मग गिअर

खडबडीत वाटांवर बारीक चाकांची सायकल घालण्याचा नाद जुनाच आहे. ब्रिटनमध्ये १९५५ साली अशाच हौशी मंडळींनी रफ स्टफ फेलोशिप स्थापन केली, तेव्हा ग्रॅव्हल बाइक हा शब्दही नव्हता. तेव्हा नवी सायकल घेण्याची घाई नको. ४० मिमीचा टायर बसेल आणि चिखलासाठी दोन्ही बाजूंना ५-६ मिमी जागा उरेल, अशी कुठलीही सायकल सुरुवातीला पुरते. झाडी-डोंगराच्या मुलखात मी ४० मिमीच्या खाली जात नाही. ४५ मिमी अधिक सुखाचा. मधे गुळगुळीत, कडेला दात असलेला टायर कोरड्या खडीवर झकास पळतो, पण ओल्या पाचोळ्यावर मधेही थोडे दात हवेतच.

हवेबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण एवढा फुकटचा आणि एवढा मोठा फरक दुसऱ्या कशाने पडत नाही. बहुतेक नवखे हवा जास्त भरतात. कडक टायर प्रत्येक खड्यावर उसळी घेतो; उसळलेलं चाक जमिनीवर नसतं, आणि जमिनीवर नसलेलं चाक ना वळतं ना थांबतं. ७० किलोच्या स्वाराने ४० मिमी ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेल्या) टायरमध्ये पुढे ३२ आणि मागे ३५ पीएसआयपासून (हे हवेच्या दाबाचं माप) सुरुवात करावी; ४५ मिमीला पुढे २६, मागे २९. आत ट्यूब असेल तर ४-५ पीएसआय जास्त, नाहीतर दगडावर आपटून ट्यूब रिममध्ये चिमटली जाते आणि सापाच्या दंशासारखी दोन भोकं पडतात. मग ओळखीच्या दोन किलोमीटरच्या खडबडीत तुकड्यावर जा आणि दर फेरीला २ पीएसआय कमी करा. वळणावर टायर कुशीवर लोळतोय असं वाटलं किंवा रिम दगडाला ‘टक्’ करून लागली की २ पीएसआय परत वाढवा. तो तुमचा आकडा. टायरच्या खोक्यात आतल्या बाजूने लिहून ठेवा, आणि दर वेळी तोच गेज वापरा. दोन पंपांचे गेज सहसा एकसारखं बोलत नाहीत.

यात गारव्याचा हिशेब विसरू नका. २५ अंशांच्या खोलीत ३३ पीएसआय भरलेला टायर पहाटेच्या ५ अंशांत सुमारे ३० वर येतो. चढताना कळत नाही, पहिल्या खडकाळ उतारावर कळतं.

ट्यूबलेस असेल तर टायरमागे साधारण ६० मिली सीलंट (भोक आतून बुजवणारा चिकट द्रव) घाला आणि दोन-तीन महिन्यांनी तपासा. लॅटेक्सचं सीलंट सुकून आत रबराची चकती होऊन बसते. टायर हलवल्यावर आत डुचमळ ऐकू आली नाही तर ते संपलं असं समजा.

आता गिअर. ढोबळ हिशेब मांडू. सायकलसकट ९० किलो वजन, १२ टक्के चढ, कच्चा रस्ता, पॅडलच्या मिनिटाला ६० फेऱ्या. पुढे, पॅडलजवळच्या चक्राला, ३४ दात आणि मागे, चाकाजवळच्या चक्राला, २८, असा रस्त्यावरच्या सायकलीचा सर्वांत हलका गिअर असेल तर वेग ताशी साडेनऊ किमी होतो आणि त्याला सुमारे ३२० वॉट लागतात. पुढे ३० आणि मागे ३४ असेल तर ताशी सात किमी, सुमारे २३० वॉट. पहिला आकडा हौशी स्वाराला फार वेळ झेपत नाही. दुसरा दात-ओठ खाऊन का होईना, निभतो. तेव्हा सर्वांत हलका गिअर असा हवा की मागचे दात पुढच्यापेक्षा जास्त भरतील. पुढे एकच ४० दाती चेनरिंग (पॅडलजवळचं चक्र) असेल तर मागे किमान ४२. दुकानात चकचकीत फ्रेमपेक्षा हा एक आकडा आधी विचारा.

पिशवीत काय

एक ट्यूब (ट्यूबलेस असली तरी), ट्यूबलेसचे प्लग (भोकात खुपसायचे), टायर काढायचे दोन लीव्हर, हातपंप, चेन तोडायची सोय असलेलं मल्टीटूल, आपल्या चेनच्या मापाची एक क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी), टायर आतून शिवायला जाड कापडाचा तुकडा, थोडी चिकटपट्टी, प्रथमोपचार. आणि डिरेलरचा, म्हणजे गिअर बदलताना चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागाचा, हँगर.

या शेवटच्या वस्तूवर जरा थांबतो. पानगळीचे दिवस होते. वाटेवर घोटाभर पाचोळा, चाकाखाली कुरकुर, मी मजेत. करंगळीएवढी एक काटकी पुढच्या चाकाने उडवली आणि ती मागच्या स्पोकमध्ये शिरली. ‘कट्’ असा आवाज आला. तिथल्या तिथे पाय थांबवायचा तर मी अजून अर्धा फेरा मारला. काटकीने डिरेलर मागे ओढला, तो चाकात गेला, आणि ज्या तुकड्यावर तो फ्रेमला टांगलेला असतो तो ॲल्युमिनियमचा हँगर मधोमध मोडला. हँगर मोडण्यासाठीच मऊ केलेला असतो, फ्रेम वाचावी म्हणून. माझी फ्रेम वाचली. पण जवळ दुसरा हँगर नव्हता. चेन आखूड करून एकाच गिअरवर जायचा प्रयत्न केला. जोर लावला की चेन शेजारच्या मोठ्या चक्रावर चढायची आणि आवळून अडकायची. तीन वेळा झालं, मग सोडून दिलं आणि सहा किलोमीटर चाललो. हँगर वजनाला किरकोळ असतो. दर फ्रेमचा आकार वेगळा, म्हणून आपल्या फ्रेमचाच घ्या आणि पिशवीच्या तळाला चिकटवून टाका. आणि कुठूनही ‘कट्’ ऐकू आलं की आधी पाय थांबवा, मग ब्रेक, मग चौकशी.

खाण्याचं थोडक्यात: दोन तासांपेक्षा मोठ्या फेरीत ताशी ४० ते ६० ग्रॅम कर्बोदकं आणि अर्धा ते पाऊण लिटर पाणी. ओढ्याचं पाणी कितीही काचेसारखं दिसलं तरी वर काय मरून पडलंय ते आपल्याला दिसत नाही. खळखळून एक मिनिट उकळा, २,००० मीटरच्या वर तीन मिनिटं. नाहीतर घरून भरून न्या.

चढताना

सुट्या खडीवर उभं राहून पॅडल मारलं की मागच्या चाकावरचं वजन उडतं आणि ते गरगरतं. बसून राहा, पण सॅडलच्या पुढच्या टोकावर सरका, कोपर वाकवून खाली आणा, छाती हँडलकडे झुकवा. टोकावर बसल्याने पुढचं चाक उचलत नाही आणि मागच्या चाकावर भार टिकतो. पॅडल गोल फिरवा, दणके नकोत. गिअर चढ लागायच्या आधीच बदला. ताण असलेल्या चेनवर बदललात तर ती करकरते, कधी तुटतेही. नजर चाकापुढच्या दगडावर खिळवू नका, पाच-सहा मीटर पुढे ठेवा, आणि दोन चाकोऱ्यांपैकी घट्ट दिसेल तीच धरा. मधल्या उंचवट्यावरची खडी बहुधा सर्वांत सुटी असते.

थांबलात तर तिथूनच चढाकडे तोंड करून निघायचा हट्ट धरू नका. सायकल आडवी करा, वाटेच्या रुंदीत तिरपं निघा, वेग आला की वळवा. ढकलावं लागलं तर खुशाल ढकला.

उतरताना

हात ड्रॉप्समध्ये, म्हणजे हँडलच्या खाली वळलेल्या भागावर. तिथे लीव्हरवर पकड पक्की बसते आणि धक्क्याने हात निसटत नाही. पॅडल समांतर, बूड सॅडलवरून किंचित उचललेलं आणि मागे, गुडघे सैल. एक किंवा दोन बोटांनी ब्रेक, बाकीची बोटं हँडलवर.

वळणाचा नियम एकच आहे: वेग सरळ रेषेत असतानाच कमी करायचा. वळणात शिरल्यावर, चाक कललेलं असताना खडीवर पुढचा ब्रेक दाबला की ते निसटतं, आणि निसटलेलं पुढचं चाक सावरायला वेळच मिळत नाही. वळणाच्या बाहेरचा पाय खाली, त्यावर भार, नजर वळण जिथे संपतं तिथे. आवळ वळणांच्या घाटवाटेवर पाणी बाहेरच्या कडेला खडी नेऊन टाकतं, म्हणून आतल्या-मधल्या पट्ट्यात राहा, पण समोरून कोणी येत असेल हे धरूनच.

लांब उतारावर ब्रेक सतत हलका दाबून ठेवू नका. डिस्क तापते, पॅड तापतात आणि ब्रेक मऊ पडतो. थोडा वेळ ठाम दाबा, सोडा, पुन्हा दाबा. बोटं दुखायला लागली तर थांबा आणि दरीकडे बघा. त्याचसाठी आलोय ना!

झाडीत शिरल्यावर

उन्हातून एकदम गर्द सावलीत शिरताना डोळ्यांना जुळवून घ्यायला काही सेकंद लागतात. ताशी ३० किमीने दर सेकंदाला आठ मीटर जाता. म्हणजे आंधळेपणी २०-२५ मीटर! काळा चष्मा असेल तर सावलीच्या कडेआधीच वेग उतरवा. झाडीसाठी पारदर्शक काच बरी.

ओली मुळं आणि लाकडी साकव ही इथली खरी जनावरं. त्यांना चाक काटकोनात भिडवा, त्यावर ना वळायचं, ना ब्रेक, ना जोराचं पॅडल. मूळ तिरपं आडवं आलं असेल आणि काटकोन जमणार नसेल तर उतरा. लाकूडतोड चालू असलेल्या जंगलात बंदीचा फलक दिसला तर तो गंभीरपणे घ्या आणि ओंडक्यांच्या थप्पीवर बसायला चढू नका, त्या घसरतात. फाटक जसं होतं तसं परत करा. पायी चालणाऱ्यांना आणि घोड्यांना लांबूनच आवाज द्या, घोड्याला तर माणसाचा आवाज. घंटीने तो बुजतो. घरी पोचलात की गुडघ्याच्या मागे, जांघेत आणि काखेत गोचीड बघा. सापडलीच तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा, पिळू नका.

पाणी ओलांडताना

आधी उतरा आणि बघा. तळ दिसतोय का, पलीकडची वाट दिसतेय का, पाणी गढूळ आहे का? वर कुठे पाऊस झाला असेल तर इथे ऊन असूनही पाणी चढतं. काठावर दगड ठेवून दहा मिनिटं थांबलं तर कळतं. वेगाने वाहणारं १५ सेंमी पाणीही मोठ्या माणसाला पाडू शकतं. गढूळ आणि वेगवान असेल तर परत फिरा.

शांत, उथळ, गोट्यांचा तळ असेल तर हलक्या गिअरवर, आधीच वेग घेऊन, पॅडल न थांबवता जा. हिरवट, शेवाळलेला काँक्रीटचा फरशीपूल मात्र गोट्यांपेक्षा वाईट. तिथे मी नेहमी चालतो, आणि चालतानाही घसरलोय. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत येत असेल तर सायकल उचलून न्या, प्रवाहाच्या खालच्या अंगाला धरून, म्हणजे तुम्ही पडलात तर ती तुमच्यावर येणार नाही. पलीकडे गेल्यावर ब्रेक दोन-चार वेळा हलके दाबून डिस्क कोरडी करा, मगच उतार.

परत आल्यावर

बादली आणि ब्रश पुरेत. दाबाच्या पाण्याचा फवारा बेअरिंगच्या तोंडावर मारलात तर चिखल आत जातो आणि ग्रीस बाहेर येतं. चेन पुसा, सुकवा, मग तेल, आणि वरचं जादा तेल पुन्हा पुसा. ब्रेक पॅडचा थर एक मिलीमीटरच्या आसपास आला असेल तर पुढच्या चिखलाच्या फेरीआधी बदला. ओल्या, वाळूमिश्रित चिखलात एका दिवसात तो दिसण्याइतका झिजतो.

आणि पाणी ओलांडलं असेल त्या दिवशी एक काम नक्की करा. सीटपोस्टवर, म्हणजे सॅडलखालच्या दांड्यावर, चिकटपट्टीने उंचीची खूण करा, तो दांडा उपसून काढा आणि सायकल उलटी धरा. पहिल्यांदा केलं तेव्हा माझ्या फ्रेममधून कपभर तपकिरी पाणी निघालं, आणि त्यात दोन सडकी पानं.